कानाडोळा

१

सकाळचा चहा झाला की आम्ही दोघं शेडमध्ये जायचो. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दोन पायऱ्या उतरलं की शेड. पलीकडे रस्त्यावर उघडणारं पत्र्याचं दार, भिंतीला लागून हत्यारांचं टेबल, कोपऱ्यात हवेचा कॉम्प्रेसर, आणि मधोमध ती गाडी.

यांचा सगळा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला. आवाजाने कान हळूहळू निकामी होत गेले. आधी उजवा, मग डावा. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि उरलंसुरलंही गेलं. डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दाखवलं, तेव्हा हे हसले. मला म्हणाले, "चला, आता भांडणात कायम मीच जिंकणार." तेव्हापासून लेकीची जुनी पाटी घरात फिरते. मी लिहिते, हे वाचतात आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने उत्तर देतात.

इंजिनाचं मला कळतं ते एवढंच, की ऐकायचं कुठे. सिलिंडरमध्ये नळीने हवा सोडायची. व्हॉल्व्ह आपापल्या जागी घट्ट बसले असतील तर हवा आत कोंडून राहते. नसतील तर ती कुठून तरी निसटते, आणि निसटताना सूं असा आवाज करते. तो आवाज कुठून येतो ते कान लावून शोधायचं. कार्बोरेटरच्या तोंडाशी आला तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह गळतोय: एक बोट. मागे सायलेन्सरच्या नळीशी आला तर धूर बाहेर सोडणारा: दोन बोटं. तेल भरायच्या तोंडाशी आला तर दोष खाली, पिस्टनच्या रिंगांत: तीन बोटं. आणि कुठूनच आवाज नसेल तर मूठ. मूठ म्हणजे सगळं बंद, काम चोख.

यांचा उजवा कान गेला तेव्हाच ही बोटांची भाषा ठरली. हे मीटरचा काटा बघायचे, मी ऐकायचे. "आपला दोघांचा मिळून एक मेकॅनिक होतो," असं म्हणायचे.

कान पुरते गेल्यावर महिनाभर यांनी हत्यारांना हात लावला नाही. मग एका सकाळी यांनी गाडीवरचं कापड ओढून काढलं. म्हणाले, "कान गेले. हात जायच्या आत हे इंजिन उघडून बघतो."

मी पाटीवर लिहिलं, "काय बघायचंय?"

"मी कुठे चुकलो ते."

२

गाडी माझ्या धाकट्या दिरांची.

त्यांची नोकरी गेली तेव्हा ते आमच्याकडे आले. "पंधरा दिवस फक्त, वहिनी," म्हणाले, आणि आठ महिने राहिले. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत त्यांची गादी आणि तिथेच लेकीचा दहावीचा अभ्यास. भाऊजींना दमा होता. श्वास सोडताना शेवटी एक बारीक शीळ वाजायची. मग क्षणभर काहीच नाही. मग तो परत आत ओढला जायचा, अडखळत, जिना चढणाऱ्याने मधल्याच पायरीवर थांबावं तसा. भिंतीपलीकडे पडून मी पुढच्या श्वासाची वाट बघत राहायचे. झोप कसली लागते.

माणूस वाईट नव्हता. न सांगता भांडी घासून ठेवायचा. लेकीला गणितं समजावायचा. त्यांची गाडीसुद्धा चढ लागला की धापा टाकायची. "वहिनी, माझं आणि गाडीचं दुखणं एकच," म्हणायचे. "दम टिकत नाही." पहिले काही महिने मला हसू यायचं. आठव्या महिन्यात खुर्चीवर त्यांचा ओला टॉवेल दिसला तरी माझ्या कपाळाला आठी पडायची.

मग दूरच्या एका गावी त्यांना काम मिळालं. सोमवारी हजर व्हायचं होतं. यांनी त्यांच्या गाडीचं इंजिन उघडलं, व्हॉल्व्ह बसवले, परत बांधलं आणि शनिवारी हवा सोडून पाहिलं. पहिला सिलिंडर ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्याला मी सायलेन्सरशी कान लावला.

आवाज होता. बारीक होता, पण होता.

दोन बोटं दाखवली असती तर सगळं पुन्हा उतरवावं लागलं असतं. आणखी चार दिवस. सोमवार हुकला असता, कदाचित ते कामही गेलं असतं, आणि टॉवेल खुर्चीवरच राहिला असता.

मी मूठ दाखवली.

सोमवारी भाऊजी निघाले. दाराशी म्हणाले, "वहिनी, आता सुटलात." मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलता." मंगळवारी गाडी सापडली. डोंगरातल्या रस्त्यावर, चढाच्या मध्यावर, इंजिन बंद पडलेलं. काचा वर केलेल्या, किल्ली जागच्या जागी, बॅग मागच्या सीटवर. भाऊजी नव्हते. पोलिसांनी दरी शोधली, आजूबाजूच्या वस्त्या शोधल्या. गाडी यांनी ओढून आणून शेडमध्ये कापडाखाली ठेवली. नऊ वर्षं झाली, भाऊजी अजून सापडलेले नाहीत.

हे तेव्हा एकच वाक्य बोलले. "इंजिन मी बांधलं होतं."

त्यानंतर यांनी ब्रेक केले, क्लच केले, पण कुणाच्या गाडीचे व्हॉल्व्ह पुन्हा हातात घेतले नाहीत. गिऱ्हाईक मागे लागलं तर दुसरीकडे पाठवायचे. मी हे सगळं बघत होते आणि तोंडातून ब्र काढत नव्हते. उद्या सांगू, लेकीची परीक्षा होऊ दे, तिचं लग्न होऊ दे, यांचा ताप उतरू दे. असे उद्या करत करत नऊ वर्षं गेली.

३

उघडण्याआधी एकदा जसं आहे तसंच तपासू, असं यांचं म्हणणं. रोग कळल्याशिवाय पोट फाडायचं नाही. इंजिन जाम झालं होतं. चार दिवस आत तेल सोडून ते हळूहळू फिरतं केलं.

पाचव्या दिवशी कॉम्प्रेसर लावला. तो धडधडायला लागला की समोरच्या घरातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई खिडकीतून ओरडायच्या, "अहो काका, माझी टीप वाकडी जातेय!" चार वर्षांपूर्वी त्या इथे राहायला आल्या. काकांना ऐकू येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. ते ओरडणं माझ्यासाठी असायचं. मी हात जोडून दाखवायचे, त्या हसून खिडकी लावून घ्यायच्या.

पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर थोडे थोडे गळत होते. इतकी वर्षं पडून राहिल्यावर ते व्हायचंच. तिसऱ्याला हवा सोडली आणि यांनी मान हलवली. काटा पार खाली गेला होता.

मी सायलेन्सरशी गुडघे टेकून बसले आणि कान लावला. तोच आवाज, आता मोठा झालेला. मी हात वर करून दोन बोटं दाखवली. नऊ वर्षं उशिरा.

हात अजून वरच होता आणि आवाज थांबला.

कॉम्प्रेसर चालू होता. हे मीटरजवळ पाठमोरे उभे होते. एक क्षण, दोन क्षण काहीच नाही. मग माझ्या कानाजवळची केसांची बट हलली आणि नळीच्या तोंडाकडे ओढली गेली. वाऱ्याने उडते तशी नाही. कुणीतरी आतून हवा घेतल्यासारखी. मग पुन्हा सूं सुरू झालं.

मी पदर सावरत उठले. पाटीवर लिहिलं, "हवा उलटी पण येते का?"

हे मोठ्याने हसले. "अगं, हवा मी आत ढकलतोय. ती बाहेरच पडणार. नळाचं पाणी कधी नळात परत जातं का?"

बरोबरच होतं. कॉम्प्रेसर मध्येच झटका खात असेल. पत्र्याच्या दाराच्या फटीतून वाराही येतो. माझ्या केसांना कुठे वळण आहे. मी पाटी पुसली.

४

दोघांनी मिळून इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो उचलून टेबलावर ठेवला. यांनी स्प्रिंगा दाबून एकेक व्हॉल्व्ह काढला आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यांत नंबराप्रमाणे लावला. प्रत्येक व्हॉल्व्हची आपली जागा ठरलेली असते. एकाचा दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

तिसऱ्याचा बाहेरचा व्हॉल्व्ह हातात आला तेव्हा हे खुर्चीत बसले. त्याची कड एका बाजूला जळून गेली होती, उंदराने कुरतडल्यासारखी.

"हा बघ," हे म्हणाले. "नीट बसलेलाच नव्हता. बसला नाही की त्याची धग कुठे जाणार? जळत गेला. चढावर सगळी ताकद गेली असणार." तो व्हॉल्व्ह त्यांनी तळहातावर घेतला, बोटांनी मिटला. "धाकट्याला मी अर्ध्या वाटेत सोडलं गं."

मी पाटी घेतली. लिहिलं, "अहो."

"काय?"

पेन्सिल माझ्या हातात होती, आणि हे माझ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत मला याहून चांगली वेळ मिळाली नव्हती.

मी "अहो" पुसलं आणि लिहिलं, "चहा टाकू?"

"टाक," हे म्हणाले.

पुढचे दिवस बरे गेले. हातात काम असलं की हे चांगले असतात. नवा व्हॉल्व्ह आणला, त्याला खरखरीत पेस्ट लावली, रबराच्या टोकाची काडी त्याला चिकटवली, आणि ती दोन्ही तळव्यांत धरून हे तासन्‌तास घुमवत बसायचे. व्हॉल्व्ह आपल्या जागेवर घासला जातो तेव्हा आधी आवाज वाळूवर चालल्यासारखा येतो. जागा जुळत आली की तो मऊ होतो. ते मऊ होणं यांना कळायचं नाही, म्हणून मी शेजारी भाजी निवडत बसायचे आणि आवाज बदलला की हात वर करायचे.

एक गोष्ट मात्र रोज दिसायची. मी चहा घेऊन यायचे तेव्हा हे गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून, फडक्याने दाराची काच आतून पुसत असायचे. इतक्या वर्षांची धूळ, मला वाटलं. पण पाचव्या दिवशी, सहाव्या दिवशीही पुसत होते. बंद गाडीत रोज एवढी धूळ कुठून येणार? विचारावंसं वाटलं, पण मी विचारलं नाही. चहा निवत होता.

व्हॉल्व्हच्या कडेला चहूकडून एकसारखं करडं वळं उमटलं. कुठे तुटलेलं नाही, कुठे जाड-बारीक नाही. यांनी हेड उलटं ठेवून वाट्यांसारख्या खळग्यांत रॉकेल भरलं. दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या उजेडात खाली हवा-धुराच्या वाटांत पाहिलं. कोरडं ठणठणीत. चारही खळग्यांत रॉकेल जेवढ्यास तेवढं.

"थेंब नाही!" हे ओरडले. "बघ, थेंबसुद्धा नाही!"

त्या दिवशी हे काम करताना गुणगुणत होते. स्वतःला ऐकू येत नसल्याने सूर भलतीकडे चालला होता. मी भाजी निवडायची थांबून ऐकत राहिले.

५

इंजिन परत बांधलं. नवं गॅस्केट, घट्ट नट, सगळं जिथल्या तिथे. दुपारी हवा सोडली. पहिल्याचा काटा पंच्याण्णववर उभा. दुसरा तसाच. चौथा तसाच.

तिसऱ्याला हवा सोडली आणि यांच्या खांद्यांतलं बळ गेलेलं मला मागूनही दिसलं. काटा खाली येत होता. सत्तरवर आला, थांबला, थोडा वर चढला, पुन्हा उतरला. मी मीटर कधी बघत नाही, पण त्या दिवशी पाहिलं. गळतीचा काटा असा वर-खाली होत नाही. खाली आला की तो खालीच राहतो.

मी कार्बोरेटरशी कान लावला. काही नाही. सायलेन्सरशी बसले. काही नाही, केसही हलले नाहीत. तेलाच्या तोंडाशी काही नाही. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं. पाणी स्वस्थ होतं.

आणि तरी आवाज येत होता.

मी चप्पल काढली, स्वतःचा श्वास धरला आणि गाडीभोवती हळूहळू चालले. पुढच्या चाकाशी बारीक. आरशाशी जरा मोठा. ड्रायव्हरच्या दाराशी मी थांबले. काच वर होती. तिला कान लावला, तर ती गार होती.

आवाज आतून येत होता. इंजिनातून नाही. जिथे माणूस बसतो तिथून. सूं करत बाहेर, शेवटी बारीक शीळ. मग काहीच नाही. मग अडखळत आत.

मी काचेतून पाहिलं. सीट रिकामी होती. सीटचं कापड मध्ये दबलेलं होतं. पण जुन्या गाड्यांच्या सीटा दबलेल्याच असतात.

हे मीटरवर नजर ठेवून, माझ्या खुणेसाठी एक हात वर करून उभे होते. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. मला जे ऐकू येत होतं त्याला बोटच ठरलेलं नव्हतं.

यांनी मान वळवली. "कुठून?"

मी मूठ दाखवली.

यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. "बरं," म्हणाले आणि हवा बंद केली.

६

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. इंजिन आणि सीटच्या मधल्या पत्र्याला कुठे भोक असेल, त्यातून हवा आत शिरत असेल. बायकांचं मन, आणि त्यात अपराधी मन. मनात असलं की कानात येतं. नऊ वर्षं जे दाबून ठेवलं ते कुठून तरी वाजणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात उभी होते. मागचं दार उघडं होतं, हे बाजारात गेले होते.

"आई, बाबांना सांग ती गाडी देऊन टाका म्हणून. तुम्ही दोघांनी त्या शेडमध्ये मुक्कामच ठोकलाय. जेवता तरी वेळेवर की ग्रीस चाटता?"

"जेवतो गं बाई."

"आणि काकांची गाडी आहे म्हणून बाबा एवढे..." ती थांबली. काका तिचे लाडके. "जाऊ दे. आई, तू जिना चढून आलीस का?"

"कुठला जिना? उभी आहे मी इथे."

"मग एवढी धाप कशाने लागली तुला? केवढा श्वास ऐकू येतोय."

मी मागच्या उघड्या दाराकडे पाहिलं. लेक "आई, आई" करत होती, आणि मी फोन कानाला लावून, श्वास रोखून उभी होते.

फोन ठेवला आणि मागचं दार लावून कडी घातली. नंतर माझं मलाच कसंसं झालं. कडी लावताना माझ्या मनात भीती होतीच, पण तिच्याखाली दुसरंही काही होतं, आणि ते मी चांगलं ओळखत होते. खुर्चीवरचा टॉवेल बघून यायचं तेच.

७

हे परत आले, मी कडी काढली. हे शेडमध्ये गेले आणि पाना घेऊन हेडचे नट सैल करायला लागले.

मी धावत गेले. हातानेच विचारलं, काय करताय?

"पुन्हा उघडतो. मूठ काय म्हणते ते म्हणू दे, काटा पडतोय. माझ्याच हातात खोट आहे. तेव्हाही होती, आताही आहे." त्यांनी पुढच्या नटाला पाना लावला. "उघडत राहीन. काय करणार दुसरं?"

आता हे असेच उघडत राहणार आणि बांधत राहणार, हे मला दिसलं. मी दुसऱ्यांदा वळलेली मूठ यांना मरेपर्यंत पुरणार होती.

मी पाटी घेतली. अक्षर वेडंवाकडं आलं.

"त्या शनिवारी तिसऱ्यात आवाज होता. मला ऐकू आला होता. मी खोटी मूठ दाखवली. भाऊजी जावेत म्हणून."

पाटी यांच्या हातात दिली आणि भिंतीला टेकून उभी राहिले. यांनी वाचलं. पाना खाली ठेवला. फडक्याने एकेक बोट पुसलं. मी ओरडा खायची वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"माहीत आहे," हे म्हणाले.

मी मान वर केली.

"काटा मला दिसत नव्हता का? सत्तरवर होता त्या दिवशीसुद्धा. सत्तरवर मी परक्याला गाडी दिली नसती." यांचा आवाज नेहमीसारखा मोठा, सगळ्या शेडला ऐकू जाणारा. "तू मूठ दाखवलीस आणि मला वाटलं, सुटलो. मलाही तो नको झाला होता गं. तू रोज कुढायचीस, तो रोज खोकायचा. मी तुझ्या मुठीआड लपलो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी तोंडानेच म्हटलं. ओठांवरून यांना कळलं असावं.

"तू बोललीस?"

आपल्याकडे म्हणतात ना, कानाडोळा केला. मी हा शब्द जन्मभर वापरला, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. कान माझा होता आणि डोळा यांचा.

"आणि कालची मूठ?" हे म्हणाले.

मी मान खाली घातली.

"वाटलंच." यांनी माझं मनगट धरलं आणि ड्रायव्हरच्या दाराशी नेलं. "तुला काय ऐकू येतं ते मला ठाऊक नाही. मला हे दिसतं. पहिल्या दिवसापासून. तू घाबरशील म्हणून रोज सकाळी पुसून टाकतो."

काचेवर, आतल्या बाजूने, बशीएवढा वाफेचा डाग होता. बसलेल्या माणसाचं तोंड येईल त्या उंचीवर. आम्ही बघत असताना तो कडेने आक्रसत गेला, रुपयाएवढा झाला, आणि मग पुन्हा पसरला.

कॉम्प्रेसर बंद होता. हवेची नळी जमिनीवर पडली होती. हेडचे नट अर्धे सैल होते. त्या इंजिनात कोंडायला आता हवाच नव्हती.

शीळ मला ऐकू येत होती.

८

किती वेळ उभे होतो कोण जाणे. दुपारचा एक वाजला असेल. गॅसवर वरण उतू जात असल्याचा वास आला आणि मला एकदम सुचलं, काय करायचं ते. नऊ वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

मी पायऱ्या चढून स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं. मागे सरकू नये म्हणून त्याला पाट लावला. परत गाडीशी आले.

"भाऊजी," मी म्हटलं. "आत या. जेवायची वेळ झालीय. बाहेरच्या खोलीत गादी घालते. कितीही दिवस राहा. मी... मी काही म्हणणार नाही."

श्वास थांबला.

यांचा हात गाडीच्या टपावर होता. त्यांनी तो चटका बसल्यासारखा उचलला. मग मलाही दिसलं. ड्रायव्हरच्या बाजूने गाडी किंचित वर आली, स्प्रिंगांवर एकदा डोलली आणि सरळ झाली. जड माणूस उतरला की होते तशी. दार बंदच होतं. सीटचं दबलेलं कापड हळूहळू वर येत होतं.

आम्ही दोघं पायऱ्यांकडे बघत राहिलो. दोनच पायऱ्या. वर उघडं दार, आत गॅसची निळी ज्योत, माझी पाण्याची घागर. मी मनात म्हणत होते, या, या ना. भीती होती, पण तिच्याहून मोठं काहीतरी होतं, आणि मला खरोखर वाटत होतं की त्यांनी यावं.

पायऱ्यांवर कुणी आलं नाही.

मागे पत्रा करकरला. हे बघत होते तिकडेच बघत राहिले, त्यांना ऐकू कसं येणार? मी त्यांचा खांदा धरून वळवलं. रस्त्याकडचं दार उघडलं होतं. फार नाही. एक माणूस अंग चोरून बाहेर पडेल एवढंच. फटीतून उन्हाची पट्टी आत आली होती, आणि ती मध्येच एकदा झाकली जाऊन पुन्हा उजळली.

"ए!" हे ओरडले. "ए धाकट्या!"

हे धावले. या वयात, तसेच तेलकट हातांनी. मी मागोमाग. रस्ता पांढराफटक, दोन्ही बाजूंना कुणी नाही. कोपऱ्यावर एक सायकल भिंतीला टेकवलेली.

समोरच्या बाई खिडकीत दोरा ओवत बसल्या होत्या. यांच्या ओरडण्याने त्यांनी मान वर केली.

"पाहुणे होते का हो तुमच्याकडे?" त्या मला म्हणाल्या. "आत्ताच गेले की कोपऱ्यावरून. असे भर उन्हात, जेवायच्या वेळी कुणी जाऊ देतं का? थांबा म्हणायचं तरी ना कुणीतरी!"

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणाल्या त्या? काय म्हणाल्या?"

पाटी आत राहिली होती. मी यांचा तेलाने काळा झालेला हात हातात घेतला, तळवा उघडला आणि त्यावर बोटाने, भर रस्त्यात उभी राहून, त्या जे जे म्हणाल्या ते सगळं लिहिलं. एकही अक्षर गाळलं नाही.